अण्णांकडे तोंड करून

"डोळे उघडा, अण्णा."

"नाही उघडत."

"भांडण अर्धवट टाकून डोळे मिटायचे नाहीत. आईला शब्द दिला होता तुम्ही!"

"आता तू आईचं नाव काढलं असशील. ठाऊक आहे मला. ती असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. जा म्हणाली असती. विषय संपला."

"संपला कसा? तुम्ही बोलायचं आणि मी बोलायचंच नाही? ही कुठली पद्धत झाली!"

अण्णांनी डोळे आणखी घट्ट मिटले आणि मांडीवरच्या परातीत चाचपडत वाटाण्याच्या शेंगा सोलायला घेतल्या. दाणे टरफलांत पडले, टरफलं दाण्यांत. त्यांच्या लेकीने, म्हणजे बाईंनी, त्यांच्या गुडघ्यावर दोन चापट्या मारल्या. या घरात हाक मारायची ती अशी. अण्णांनी गुडघा बाजूला घेतला. म्हणजे हाक ऐकली, पण ओ देणार नाही.

अण्णांना ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, येतच नाही. उभा जन्म त्यांनी पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात काढला, झाकणं ठोकून काढणाऱ्या मशीनसमोर. तिथे शेजारचा माणूस कानाशी येऊन ओरडला तरी उपयोग नसायचा, म्हणून सगळेच एकमेकांच्या ओठांवरून बोलणं उचलायचे. जिभेला इतकी सवय लागली होती की सुट्टी होऊन बाहेर पडल्यावरही ही मंडळी चहाच्या टपरीवर आवाज न काढता गप्पा मारायची. येणाऱ्याजाणाऱ्याला फक्त मधूनच उठणारा हसण्याचा गडगडाट ऐकू यायचा. अशा माणसाचे कान नेमके कधी गेले, हे त्याचं त्यालाच उशिरा कळलं. त्याचं काही अडतच नव्हतं ना!

अडायला लागलं ते घरात. मग घराचे नियम झाले. पाठ फिरवून बोलायचं नाही. तोंडात घास घेऊन बोलायचं नाही. तिसरा नियम आईने अण्णांसाठी खास केला, कारण भांडणात हरायची वेळ आली की त्यांना नेमकी झोप यायची.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. नियम सांभाळणारं माणूस घरात एकच उरलं, ते म्हणजे बाई.

त्यांना शाळेत बाई म्हणतात आणि घरात ताई. चाळिशी ओलांडलेल्या, गणित शिकवणाऱ्या, केसांत कायम कुठेतरी खडूची भुकटी. शाळेतल्या पोरांनी त्यांना आणखी एक नाव ठेवलं होतं, सूर्यफूल. जो बोलेल त्याच्याकडे बाईंचं सगळं तोंड वळायचं. फळ्यावर लिहिताना त्या एक शब्द बोलत नसत. लिहून व्हायचं, खडू खाली जायचा, मग वळायच्या आणि मग तोंड उघडायच्या. नवीन पोरांना हे विचित्र वाटे. जुनी पोरं समजावत, "अरे, त्यांची बॅटरी पाठीमागून चार्ज होत नाही."

लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ अगदी ठरत आलं होतं. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती, माणसंही बरी होती. सगळे उठून गेल्यावर अण्णा म्हणाले, "तुला पसंत असेल तर माझी ना नाही. पण तो सगळा वेळ ताटाशीच बोलत होता. मला त्याचं अक्षर कळलं नाही." बाई म्हणाल्या, "मग मलाही कळलं नाही." पुढे कुणी फारसं विचारलं नाही, आणि बाईंनीही आठवण करून दिली नाही.

धाकट्या भावाचं लग्न झालं, भावजय आली. भाऊ फ्रीज दुरुस्त करतो. त्याचा आवाज मिशीतून आत जातो की बाहेर येतो हे देवालाच ठाऊक. भावजयीचा पुढचा दात अर्धा तुटलेला, म्हणून बोलताना तिचा हात तोंडावर. दोघं मनाने सोन्यासारखी, पण अण्णांच्या दृष्टीने दोन बंद खिडक्या. घरात अण्णांना नीट कळायचं ते एका बाईंचंच बोलणं. अडचण होती ती इथेच.

कारण फार दूरच्या एका देशातल्या शाळेने बाईंना गणित शिकवायला बोलावलं होतं, आणि आज संध्याकाळी तिथल्या मुख्याध्यापिका होय की नाही ते विचारायला फोन करणार होत्या.

"ताई," भाऊ दारातून बुटाची नाडी बांधत म्हणाला, "अण्णांना सांग, चष्म्याची काच आज मिळेल. येताना आणतो."

अण्णा तिथेच, हात लांब केला तर लागतील इतक्या अंतरावर होते. आवाज नाही, तरी पावलांची कंपनं त्यांना फरशीतून जाणवली असावीत. त्यांनी डोळे उघडले. बाई लगेच त्यांच्याकडे वळल्या. "काच आज मिळणार आहे. येताना आणतोय."

"बरं," अण्णा म्हणाले. भाऊ गेलासुद्धा.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "साधी काच! तीही तुमच्यापर्यंत पोचवायला मी लागते. आणि म्हणे जा."

अण्णांनी मान दाराकडे वळवली. मग म्हणाले, "बघितलं. तेच तर रोज बघतो." आणि एकदम सूर बदलून, "फोन आहे की! त्यात तोंड दिसतं. तू तिकडून बोलशील, मी इकडून वाचीन. आज मधल्या सुट्टीत लाव. जमलं तर तू जायचंस. आहे कबूल?"

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल," अण्णा म्हणाले आणि तेवढ्यावर डोळे मिटून मोकळे झाले.

*

त्या परक्या शाळेने बाईंना निवडलं तो प्रकारही ऐकण्यासारखा आहे.

मुलाखतीत नमुन्याचा पाठ द्यायचा होता. संगणकाच्या खोलीत तिथल्या सरांनी सगळी जोडाजोड करून दिली आणि पोरांचा गोंगाट होऊ नये म्हणून स्वतः दाराबाहेर पहाऱ्याला उभे राहिले. पडद्यावर तिकडचे तिघे दिसत होते. बाईंनी नमस्कार केला, त्यांनी माना हलवल्या. बाईंनी सुरुवात केली.

कागदाचा एक त्रिकोण कापला. त्याचे तीन कोपरे रंगवले. मग तो त्रिकोण फाडला! तिघेही दचकून पुढे झाले. बाईंनी फाडलेले तीन कोपरे टोकाला टोक लावून एकाशेजारी एक ठेवले आणि खाली पट्टी धरली. सरळ रेष. दुसरा त्रिकोण घेतला, लांबुडका, हडकुळा. फाडला. पुन्हा सरळ रेष. मग त्यांनी तिसरा त्रिकोण उचलला, फाडायच्या आधी थांबल्या आणि भुवया उंच करून त्या तिघांकडे बघत राहिल्या. आता काय होईल? पडद्यावरच्या मुख्याध्यापिकांनी हवेत बोटाने आडवी रेष ओढली. बाई अशा काही हसल्या की जणू हा शोध जगात पहिल्यांदाच लागला होता.

पाठ संपला. बाई प्रश्नांची वाट बघत राहिल्या. तिघांचे ओठ हलत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. शेवटी त्यातल्या एकाने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, आम्हाला सुरुवातीपासून तुमचा आवाज आलेला नाही.

सर धावत आले. कानाला लावायचा माइकवाला हेडफोन संगणकाला जोडलेला होता आणि तो टेबलाच्या खणात पडलेला होता. बाईंचं बोलणं आणि तिकडचं बोलणं, दोन्ही खणाच्या तोंडी लागलं होतं. सरांचा चेहरा उतरला. बाईंना भूमी दुभंगावी असं वाटलं. हेडफोन काढल्यावर त्या म्हणाल्या, "माफ करा, मी पुन्हा घेते पाठ."

"नको," तिकडच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आम्हाला सगळं समजलं. आमच्या वर्गात वेगवेगळ्या देशांतून आलेली मुलं असतात. शिक्षक काय बोलतो हे निम्म्यांना पहिले कित्येक महिने कळत नाही. बोलणं पोचलं नाही तरी ज्याचं शिकवणं पोचतं, असं कुणीतरी आम्ही शोधत होतो."

बाईंनी घरी येऊन ही गोष्ट सांगितली तेव्हा अण्णांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. "म्हणजे मुलाखत मी दिली म्हण की! कारखान्यातली विद्या आहे ही, पोरी. आमच्यातला कुणीही पास झाला असता."

हसणं ओसरलं आणि त्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला, जा.

बाईंच्या मनात मात्र उलटंच चालायचं. ज्यांच्यामुळे हे वळण लागलं, त्यांनाच पाठ दाखवून निघायचं? आणि तेवढंच असतं तर त्यांनी मन घट्ट करून केव्हाच नाही म्हटलं असतं. पंचाईत अशी की त्यांना जायचं होतं. भांडी घासताना, वह्या तपासताना तो वर्ग त्यांच्या डोळ्यांसमोर यायचा. एकही शब्द न कळणारी, भांबावलेली पोरं, आणि पहिला त्रिकोण फाडल्यावर त्यांचे विस्फारलेले डोळे. अशा वेळी बाईंचे हात आपोआप थांबायचे. मग स्वतःवरच चिडून त्या भांडं जास्तच घासायच्या.

*

मधल्या सुट्टीत बाईंनी शिक्षकांच्या खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची ओढली, उजेड तोंडावर येईल अशा बसल्या आणि फोन लावला.

पडद्यावर अण्णांचं कपाळ आलं. नुसतं कपाळ.

बाईंनी हाताने खुणा केल्या. कपाळ खाली गेलं, एक कान आला, मग छत आलं, मग एकदाचे अण्णा.

"दिसतेयस!" अण्णा ओरडले. खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. "स्वच्छ दिसतेयस! बोल!"

"जेवलात का?" बाई नेहमीसारखं सावकाश म्हणाल्या.

"जेवलो. वाटाणे छान झाले होते."

"गोळी घेतली?"

"घेतली, घेतली. जेवणानंतरची घेतली."

चित्र मधूनच थिजत होतं. बाईंचं स्वतःचं तोंड कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत दिसत होतं. ओठांच्या जागी मधूनमधून नुसता गुलाबी ठिपका. अण्णा मात्र धडाधड उत्तरं देत होते. बाईंना शंका आली. चेहऱ्यावर तेच काळजीचे भाव ठेवून त्या म्हणाल्या, "अण्णा, शाळेच्या गच्चीवर घोडा चढलाय."

"हो हो," अण्णा म्हणाले. "दार लावून घेतलंय."

"त्याला उतरवायला हेडसर गेलेत."

"दुपारी पडतो थोडा वेळ. तू नको काळजी करू. बघ, सगळं कळतंय! जमलं की नाही?"

मागे संगणकाचे सर डबा हातात घेऊन उभे होते. "कुठे आहे घोडा?" त्यांनी हळूच विचारलं.

बाई अण्णांकडे बघत होत्या. म्हातारा पडद्याला नाक चिकटवून, कपाळाला आठ्या घालून, न दिसणारे ओठ दिसल्याचं सोंग करत होता. परीक्षेत शेजारच्याचं बघणारी पोरं बाईंनी पुष्कळ पकडली होती. नापास व्हायचं नाही म्हणून धडपडणारं असं तोंड मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

*

"घोड्याचं काय झालं?" संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या बाईंनी अण्णांसमोर उभं राहून विचारलं.

"कुठला घोडा?"

"शाळेच्या गच्चीवरचा. दुपारी सांगितला तो. तुम्ही म्हणालात दार लावून घेतलंय."

अण्णांनी डोळे मिटायची तयारी केली. बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "नाही. आज नाही. आज मला उत्तर द्यायचंय. तुम्ही मला फसवत होतात."

"थोडंसं."

"थोडंसं? अक्षर कळत नव्हतं तुम्हाला! आणि मी तिकडे गेल्यावर? रोज असंच, जेवलो, झोपलो, गोळी घेतली? मी मरायला टेकले असं सांगितलं तरी तुम्ही म्हणणार वाटाणे छान होते!"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी बाईंच्या हातातून हात सोडवून घेतले आणि शेजारची खुर्ची दाखवली. बाई बसल्या. स्वयंपाकघरातून भावजयीच्या लाटण्याचा आवाज येत होता.

"उन्हाळ्यात तू प्रशिक्षणाला गेली होतीस," अण्णा म्हणाले. नेहमीपेक्षा हळू बोलत होते. आवाज हळू ठेवणं त्यांना अवघड जायचं, कारण तो किती आहे ते त्यांना कळत नसे. "पहिले दोन दिवस वाईट गेले. कुणी माझ्या वाटेला आलं नाही. मग तिसऱ्या दिवशी या सुनेला काहीतरी विचारायचं होतं. हिने या खोलीत येऊन इकडेतिकडे बघितलं. तुला शोधत होती सवयीने. मग माझ्या समोर येऊन बसली आणि तोंडावरचा हात काढला."

"मग?"

"मग काय! पहिल्यांदा काही कळेना. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. शेवटी कळलं. मला म्हणाली, तुमचा मुलगा इतका घोरतो की या घरात सुखी काय ते एकटे तुम्ही."

बाईंना हसू फुटलं.

"बघ! तुला तरी ठाऊक होतं का, ती विनोद करते ते? इतकी वर्षं माझ्या घरात आहे. मला वाटायचं गरीब गाय आहे. अगं, महाबिलंदर बाई आहे ती! त्या आठवड्यात तिने माझी हसून हसून पुरेवाट केली. तुझा भाऊसुद्धा एक दिवस माझ्यासमोर बसून मिशी वर धरून बोलला. दोन्ही बोटांनी, अशी. सगळं कळलं नाही, पण माझ्याशी बोलला."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू आलीस ना परत. आलीस आणि दुसऱ्या दिवशी हा दारातून म्हणाला, ताई, अण्णांना सांग. संपलं. हिचा हात पुन्हा तोंडावर." अण्णांनी परातीत उरलेलं एक टरफल उचललं, चिमटीत फिरवत राहिले. "हे लोक माझ्याबद्दल बोलतात, पोरी. माझ्याशी नाही बोलत. गरजच काय? तू आहेस ना."

बाईंना कुणीतरी गालावर सणसणीत ठेवून दिल्यासारखं झालं. आजवर कुणी ताई, अण्णांना सांग असं म्हटलं की त्यांना बरंच वाटायचं. आपल्यावाचून या घराचं पान हलत नाही, हा थोडा अभिमानही होता. चटकन वळायचं, सावकाश सांगायचं, अण्णांचं उत्तर पुन्हा तिकडे पोचवायचं. इतकं सफाईनं करायच्या त्या, की दुसऱ्या कुणाला मान वळवायचेही कष्ट पडू नयेत.

"म्हणजे मी नकोच आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या. म्हणायचं नव्हतं, निघून गेलं.

बाईंना वाटलं, आता हे डोळे मिटतील. पण अण्णा डोळे सताड उघडे ठेवून त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"तू म्हणशील त्यातलं मला एक अक्षर गाळायला लागत नाही," ते म्हणाले. "तू गेलीस की माझं अर्धं जग मुकं होणार. ठाऊक आहे. घोडा काय, हत्ती चढला तरी मला कळणार नाही. पण उरलेलं अर्धं तू असेपर्यंत तोंड उघडणारच नाही. आणि तुला जायचंय. भांडी घासताना थांबतेस ना, तेव्हा ओठ हलतात तुझे. त्या पोरांना शिकवत असतेस. मला काय कळत नाही होय?"

बाईंनी ओठ दाताखाली दाबून धरले. लहानपणी अण्णांपासून काही लपवायचं असलं की त्या असंच करायच्या.

*

भाऊ आला तेव्हा ताटं वाढलेली होती. त्याने चष्म्याचं खोकं टेबलावर ठेवलं, हात धुतले, बसला. टेबलाच्या एका बाजूला अण्णा, समोर भाऊ, शेजारी भावजय आणि मध्ये बाई, नेहमीच्या जागेवर. तिथून दोन्हीकडे सारखंच वळता यायचं. फोन त्यांच्या ताटाशेजारी पालथा पडला होता.

"आज फोन येणार ना तुझा?" भावाने विचारलं.

बाईंनी मान हलवली.

"काय ठरवलंस?"

बाई पाणी प्यायल्या.

"मी काय म्हणतो," भाऊ ताटाकडे बघत म्हणाला, "तुला अडवणारा मी कोण? पण अण्णांचं काय? दिवसभर मी दुकानात, ही घरकामात. आम्हाला नाही गं जमत तुझ्यासारखं. ते जा म्हणत असतील, पण ते आपले तुझ्यासाठी म्हणत असतील. तू गेल्यावर त्यांचं कसं होणार, ते त्यांना खरंच चालणार आहे का, विचार एकदा. माझ्यासमोर विचार."

अण्णांची नजर त्याच्या मिशीवरून बाईंकडे आली आणि थांबली. वाट बघत.

बाई वळल्या. ते काही ठरवून झालं नाही. तोंड वळलं, भुवया वर गेल्या, ओठ उघडले. अण्णांनी मान किंचित पुढे केली.

बाईंनी ओठ मिटले.

"ताई?" भाऊ म्हणाला.

भावजयीचा हात तोंडाशी होता, तो थबकला. ती एकदा बाईंकडे, एकदा अण्णांकडे बघायला लागली. बाईंनी स्वतःचं ताट थोडं पुढे सरकवलं आणि बोटांना लागलेलं पुसायला रुमाल घेतला. बोटं पुसून झाली तरी पुसतच राहिल्या.

"अगं, विचार ना त्यांना," भाऊ म्हणाला. "ताटकळलेत बघ ते. काय झालं, भांडलात का सकाळी?"

फोन टेबलावर थरथरायला लागला. अण्णांना तो हाताखालच्या लाकडातून आधी कळला. त्यांनी बोटाने तो बाईंकडे ढकलला, हळूच, एखादी वाटी पुढे करावी तसा.

बाईंनी फोन उचलला आणि उठल्या.

"ताई, त्यांना न विचारता तू... थांब तरी! अण्णांना कोण सांगणार आता? ताई!"

बाई खोलीच्या दारापर्यंत गेल्या. हातात फोन थरथरत होता. मग मागे फरशीवर खुर्ची घासल्याचा आवाज आला, एका बाजूची दुसऱ्या बाजूला फिरवावी तसा, आणि दोन चापट्या, नवख्या हाताच्या, जरा जोरातच बसलेल्या.

बाई वळल्या नाहीत. त्यांनी दार उघडलं आणि त्या बाहेर गेल्या.